साठ्यावरचा पहारा

जगाचा व्यवहार नोंदीवर चालतो, ही गोष्ट काही आजची नव्हे. मराठ्यांच्या राज्यकारभारात तलवारीच्या जोडीने लेखणीलाही मान होता. चिटणीस पत्रे लिहीत, फडणीस हिशेब ठेवीत, आणि लिहिलेला कागद रुमालात बांधून दफ्तरात रचला जाई. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आजही आहेत. बडोदे संस्थानच्या सेवेत उमेदीची वर्षे घालविलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादिले. पेशवाई बुडाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी हे काम होऊ शकले, याचे कारण मधल्या काळात ते रुमाल कोणी ना कोणी सांभाळले होते. कागदाचे शत्रू डोळ्यांना दिसतात. वाळवी, कसर, ओल आणि आग यांपासून रुमाल राखले, अधूनमधून त्यांना ऊन दाखविले, म्हणजे दफ्तरदाराचे कर्तव्य बव्हंशी पार पडत असे.

सांप्रतच्या नोंदींची गोष्ट मात्र निराळी आहे. बँकेतील शिल्लक, इस्पितळातील रोग्याची क्ष-किरण चित्रे, जमिनीचा उतारा, विद्यार्थ्याचे गुण, कारखान्याची मालमोजणी, हे सारे आता चुंबकीय तबकड्यांवर किंवा विजेच्या सूक्ष्म पेशींवर कोरलेले असते. तेथे वाळवी लागत नाही. परंतु जे काही लागते, ते डोळ्यांना दिसतही नाही. साठा भरत आला तरी कपाट फुगत नाही, नक्कल नाहीशी झाली तरी रुमाल रिकामा दिसत नाही. म्हणूनच या नव्या दफ्तराला नव्या प्रकारचा पहारा लागतो. तो पहारा कसा असतो, आणि तो ढिला पडला म्हणजे काय ओढवते, याचा विचार सामान्य नागरिकानेही करण्याजोगा आहे. कारण त्या साठ्यात शेवटी त्याचीच नोंद असते.

या दफ्तराची घडण प्रथम पाहिली पाहिजे. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने रामॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि तिच्यात सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. कपाटाएवढ्या त्या यंत्रात जेवढे मावे, त्याच्या हजारोपट मजकूर आज मुलांच्या खिशातील फोनमध्ये असतो. पुढे कित्येक वर्षे रीत अशी होती की, प्रत्येक संगणकाला त्याची स्वतःची डिस्क जोडलेली असे. म्हणजे प्रत्येक घराची कणगी त्याच्या घरात! एका घरी धान्य उतू जात आहे आणि शेजारी कणगी रिकामी पडली आहे, असा प्रकार त्यामुळे सर्रास होई. एखादा संगणक बंद पडला की त्याची डिस्कही अडकून बसे.

यावर जो तोडगा निघाला, त्याला स्टोरेज एरिया नेटवर्क, संक्षेपाने सॅन, असे म्हणतात. सर्व डिस्का एका ठिकाणी, एका भक्कम कपाटात ठेवावयाच्या, आणि काम करणारे संगणक, ज्यांना सर्व्हर म्हणतात, ते एका स्वतंत्र वेगवान जाळ्याने त्या कपाटाला जोडावयाचे, ही त्यामागची कल्पना. गावाने आपापल्या कणग्या मोडून एक सामाईक कोठार बांधावे, तसाच हा प्रकार आहे. या जाळ्यासाठी फायबर चॅनेल नावाची पद्धत १९९४ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. नेहमीच्या संगणकी जाळ्यावरूनच हे काम करणारी आय-स्कझी ही स्वस्त पद्धत २००४ मध्ये प्रमाणित झाली, आणि मग मध्यम आकाराच्या संस्थांनाही असे कोठार परवडू लागले.

कोठारातील डिस्का सुट्या सुट्या वापरीत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये एक निबंध वाचला. अनेक स्वस्त डिस्का एकत्र गुंफून, त्यांच्यावर पडताळ्याचा थोडा अधिक मजकूर लिहून ठेवला, तर एखादी डिस्क निकामी झाली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा उभा करता येतो, असे त्यांनी दाखविले. रेड नावाने ओळखली जाणारी ही गुंफण आज बहुतेक कोठारांचा पाया आहे. अशा गुंफलेल्या साठ्यातून मग लागतील तसे खण पाडतात. या खणाला व्हॉल्यूम म्हणतात. एक व्हॉल्यूम हिशेबखात्याला, दुसरा टपालाला, तिसरा चित्रांना. ज्या सर्व्हरला जो व्हॉल्यूम नेमून दिला, त्याला तो स्वतःचीच डिस्क वाटतो. आपला खण एका मोठ्या सामाईक साठ्यातून पाडलेला आहे, याची त्याला वार्ताही नसते. या व्यवस्थेची सारी सोय या अज्ञानात आहे, आणि धोकाही त्यातच आहे.

असे कोठार बिघडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे. बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. दुसऱ्या दिवशी महिन्याचे वायदे संपावयाचे होते, म्हणजे बाजार ऐन भरात होता. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचार वाजता, आणि वेळ वाढवून ते पाच वाजेपर्यंत चालविण्यात आले. संस्थेने पुढे जो खुलासा केला, तो मोठा उद्बोधक आहे. तिचे मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या डळमळीत झाल्या होत्या. दोन्ही ठिकाणचे साठे क्षणोक्षणी एकसारखे राहावेत, अशी योजना असल्यामुळे त्या वाहिन्यांवर बरेच अवलंबून होते. तथापि वाहिनी तुटली तरी मुख्य साठ्याने एकट्याने काम चालू ठेवावे, अशीही तजवीज होती. प्रत्यक्षात सॅन अपेक्षेप्रमाणे वागली नाही, आणि मुख्य साठाच सर्व्हरना दिसेनासा झाला. सौदे जुळविणारे यंत्र धडधाकट होते; परंतु प्रत्येक सौद्यातील जोखीम तपासणारी यंत्रणा त्या साठ्याविना आंधळी झाली, आणि जोखीम न तपासता बाजार चालविणे म्हणजे हिशेब न लिहिता पेढी चालविणे होय.

पुढच्याच महिन्यात भांडवल बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीने अशा संस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी, आणि तेथून ४५ मिनिटांत काम पूर्ववत् करावे, असे बंधन घालण्यात आले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एक वाट तुटली तर दुसरी चालेल, हे कागदावर लिहिलेले असणे पुरेसे नव्हे. ती वाट मुद्दाम तोडून पाहावी लागते. कोठारावरचा पहारा म्हणजे केवळ दारावर शिपाई उभा करणे नव्हे, तर आत काय घडत आहे आणि बिकट प्रसंगी काय घडेल, याची सतत खातरजमा करणे होय.

पहाऱ्याचा पहिला विषय अर्थातच जागा. साठा किती, वापरला किती, शिल्लक किती, ही त्रैराशिकाइतकी सोपी गोष्ट वाटते. ती सोपी राहत नाही, याचे कारण थिन प्रोव्हिजनिंग नावाची एक चाल आहे. समजा, कोठारात ६० टेराबाईट जागा आहे. दहा खात्यांनी प्रत्येकी १० टेराबाईट मागितले. मागणी झाली १०० टेराबाईटांची. परंतु पहिल्याच दिवशी कोणी सगळी जागा भरीत नाही, हे जाणून कोठारवाला दहाही खात्यांना होकार देतो, आणि जसजसे कोणी खरोखर लिहील तसतशी जागा पुरवितो. बँकही ठेवीदारांचा सगळा पैसा तिजोरीत ठेवीत नाही. तशातलाच हा प्रकार. यात काही अप्रामाणिक नाही, उलट पैशाची मोठी बचत आहे. मात्र ज्या दिवशी सर्व साठा संपतो, त्या दिवशी दहाही खात्यांचे लिहिणे एकदम थांबते. ज्याने अवघे १ टेराबाईट वापरले, त्याच्या यंत्रावर ९ टेराबाईट शिल्लक दिसत असतानाही त्याचे लिहिणे थांबते! दोष एकाचा आणि शिक्षा दहांना, अशी ही गत होते.

म्हणून अशा ठिकाणी सर्व्हरवर दिसणाऱ्या शिल्लकीवर विसंबून चालत नाही; खरी शिल्लक कोठारालाच विचारावी लागते. आणि शिल्लकीबरोबर वाढीचा वेगही पाहावा लागतो. पावसाळ्यात धरणातील साठ्याचे आकडे वर्तमानपत्रे रोज छापतात, तेव्हा जाणता वाचक आजचा आकडा कालच्या शेजारी ठेवून पाहतो. तीच दृष्टी येथे हवी. वरील ६० टेराबाईटांपैकी ४२ भरले आहेत, म्हणजे ७० टक्के, असे समजू. रोज ३०० गिगाबाईटांची भर पडते. शिल्लक १८ टेराबाईट, अर्थात् ६० दिवसांची. आता नवीन डिस्का घ्यावयाच्या तर निविदा, मंजुरी, खरेदी आणि जोडणी यांना ७५ दिवस लागत असतील, तर संकट पुढे केव्हा तरी येणार आहे असे नव्हे. ते आजच आलेले आहे. पुष्कळ ठिकाणी ८० टक्के भरल्यावर घंटा वाजावी, अशी योजना असते. या उदाहरणात ती घंटा २० दिवसांनी, म्हणजे ४० दिवस उरले असता वाजेल. तेव्हा घंटा किती टक्क्यांवर वाजवावी, हे यंत्राच्या पुस्तकात पाहून ठरवावयाचे नसते. खरेदीला किती दिवस लागतात, त्यावरून ते ठरवावयाचे असते.

या हिशेबात आणखी एक खोच आहे. सर्व्हरवर कोणी जुन्या फायली पुसून टाकल्या, तर सर्व्हरच्या वहीत तेवढी जागा मोकळी दिसते. परंतु कोठाराला ही वार्ता आपोआप कळत नाही. त्याच्या दृष्टीने त्या जागेवर एकदा लिहिलेले आहे, तेव्हा ती जागा भरलेलीच. जागा सोडून दिल्याचा निरोप सर्व्हरने कोठाराला रीतसर पाठवावा लागतो. तशी सोय आहे, पण ती चालू केलेली असली पाहिजे. अन्यथा दोन वह्यांत दोन आकडे राहतात. भाडेकरूने खोली सोडली, पण किल्ली मालकाला दिली नाही, तर ती खोली दुसऱ्याला देता येत नाही. तसे हे आहे. दोन्ही वह्यांचा मेळ वेळोवेळी घालणे हे पहारेकऱ्याचे काम आहे.

जागा संपणे ही किती क्षुल्लक आणि त्याच वेळी किती भयंकर गोष्ट आहे, हे जपानमध्ये २०२३ साली दिसून आले. टोयोटा कंपनीचे त्या देशातील सर्व १४ मोटार कारखाने २९ ऑगस्टला बंद पडले. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणारी संगणक यंत्रणा थांबली होती. आरंभी अनेकांना बाहेरच्या हल्ल्याचा संशय आला. कंपनीने नंतर कारण जाहीर केले, ते असे: २७ ऑगस्टला नेहमीच्या देखभालीचे काम चालू होते, साठलेली माहिती पुसण्याचे आणि लावण्याचे काम करीत असता डिस्कवरची जागा अपुरी पडली, आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होते, पण तेही त्याच यंत्रणेवर चालत असल्यामुळे त्यांच्यातही तोच बिघाड झाला. अधिक जागा असलेल्या सर्व्हरवर माहिती हलविल्यानंतर काम सुरू झाले. साफसफाई करावयास सुद्धा थोडी मोकळी जागा लागते, हे घर आवरणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. जोडी एकाच दावणीला बांधली, तर एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. एवढ्या प्रचंड उद्योगात नेमक्या या दोन साध्या गोष्टी आड आल्या.

आता पहाऱ्याचा दुसरा विषय, आणि तो अधिक नाजूक आहे. तो म्हणजे स्नॅपशॉट, मराठीत क्षणचित्र. व्हॉल्यूम ज्या क्षणी जसा होता, तसा तो पुढे केव्हाही पाहता यावा, अशी ही योजना असते. कोणी चुकून फाईल पुसली, तर काल रात्रीच्या क्षणचित्रातून ती परत घेता येते. नवल असे की, कित्येक टेराबाईटांच्या व्हॉल्यूमचे क्षणचित्र काही सेकंदांत होते. हे होते कसे? त्या क्षणी वस्तुतः कशाचीच नक्कल होत नाही. कोणता मजकूर कोणत्या घरात आहे, याची केवळ एक यादी गोठविली जाते. त्यानंतर कोणी जुन्या मजकुरावर नवा लिहू लागला, की मग कोठार सावध होते. काही यंत्रणा जुना मजकूर आधी राखीव जागेत उतरवून घेतात आणि मग नवा लिहू देतात. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणा जुन्याला हात न लावता नवा मजकूर वेगळ्या घरात लिहितात. कीर्दीतील जुनी नोंद न खोडता नव्या पानावर दुरुस्ती लिहावी, तशी ही दुसरी रीत आहे.

यावरून ध्यानात येईल की, क्षणचित्राला लागणारी जागा व्हॉल्यूमच्या आकारावर अवलंबून नसून त्यातील बदलांवर अवलंबून असते. २ टेराबाईटांच्या व्हॉल्यूममध्ये रोज ३ टक्के मजकूर बदलत असेल, तर रोज ६० गिगाबाईट जुना मजकूर राखून ठेवावा लागेल. चौदा दिवसांची क्षणचित्रे ठेवावयाची, आणि रोज बदलणारा भाग वेगवेगळा असेल, तर ८४० गिगाबाईट राखीव जागा लागेल. कोणी अंदाजाने ५०० गिगाबाईट राखून ठेवली असेल, तर नवव्या दिवशी ती संपेल. संपल्यावर काय करावयाचे, हे आधी ठरवून ठेवलेले असते. काही ठिकाणी सर्वांत जुने क्षणचित्र आपोआप पुसले जाते, तर काही ठिकाणी व्हॉल्यूमच बंद केला जातो. दुसरा मार्ग कर्कश आहे. काम थांबते आणि सर्वांना कळते. पहिला मार्ग मुका आहे. काम चालू राहते आणि कोणालाही कळत नाही. चौदा दिवसांची सोय आहे अशा समजुतीत संस्था असते, आणि प्रत्यक्षात आठच दिवसांची असते. दहाव्या दिवशी कोणाला जुनी वही हवी झाली, म्हणजे मग हा उलगडा होतो.

म्हणून क्षणचित्रांच्या बाबतीत पहारेकऱ्याने चार गोष्टी नित्य विचारावयाच्या असतात. शेवटचे क्षणचित्र केव्हा घेतले गेले? सर्वांत जुने किती दिवसांचे आहे? त्यांची संख्या ठरल्याप्रमाणे आहे काय? आणि राखीव जागा कोणत्या वेगाने भरत आहे? यांतील पहिला प्रश्न विशेष महत्त्वाचा. चुकलेल्या कामाची वार्ता येते. परंतु जे काम सुरूच झाले नाही, त्याची वार्ता कोण देणार?

या प्रश्नाचे महत्त्व गिटलॅब या कंपनीच्या अनुभवावरून कळते. जगभरचे संगणक-लेखक आपले काम या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक तंत्रज्ञ एक बिघाड दुरुस्त करीत असता भलत्याच सर्व्हरवरील माहिती पुसून बसला. चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला, तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाईटांपैकी जेमतेम साडेचार उरले होते. मग नकलांचा शोध सुरू झाला. रोज घेतली जाणारी नक्कल जेथे असावयास हवी होती, ती जागा रिकामी निघाली. नक्कल घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती न जुळल्यामुळे ते काम पूर्वीपासूनच फसत होते. ते फसल्याचे निरोप ई-मेलने जात होते, पण ते निरोपच टपालयंत्रणा नाकारीत होती! अखेर कामास आले ते एक क्षणचित्र. सुमारे सहा तासांपूर्वी एका तंत्रज्ञाने चाचणीच्या कामासाठी ते आपल्या हाताने घेतले होते. त्यावरून माहिती उतरवून घेण्यास सुमारे १८ तास लागले, आणि मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने ही सर्व हकीकत स्वतः होऊन प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावह आहे. परंतु तिला तारले ते योजनेने नव्हे, योगायोगाने; आणि योगायोग हा पहारेकरी नव्हे.

क्षणचित्रांवरील पहाऱ्याचा आणखी एक उपयोग अलीकडे ध्यानात आला आहे. खंडणीखोर प्रोग्राम संगणकात शिरून सर्व मजकूर कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशा प्रोग्रामने अनेक देशांत धुमाकूळ घातला; इंग्लंडमधील कित्येक इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. हा प्रोग्राम संगणकावरील मागच्या नकलाही पुसून टाकीत असे, कारण नकला शिल्लक असतील तर खंडणी कोण देणार? आता ज्या व्हॉल्यूममध्ये रोज ३ टक्के बदल होतो, तेथे एका रात्रीत ६० टक्के मजकूर बदलला, तर क्षणचित्रांची राखीव जागा एकाएकी भरू लागते. पहारेकरी जागा असेल, तर चोर घरात शिरल्याची ती पहिली चाहूल ठरू शकते. याच हेतूने, ठरलेली मुदत संपेपर्यंत कोणालाही पुसता येणार नाहीत, अशी क्षणचित्रे ठेवण्याची सोय आता अनेक यंत्रणांत असते.

इतके असले तरी क्षणचित्र म्हणजे सुरक्षित नक्कल नव्हे, हे पक्के समजले पाहिजे. ते मूळ मजकुराच्याच डिस्कांवर, त्याच कपाटात असते. कपाट जळाले तर मूळही जाते आणि चित्रही जाते. दक्षिण कोरियातील डेजॉन शहरी सरकारी माहितीचे मोठे केंद्र आहे. तेथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तीत सरकारी नोकरांची कागदपत्रे ठेवणारा जी-ड्राइव्ह नावाचा साठा नष्ट झाला. त्यात ८५८ टेराबाईट मजकूर होता, आणि त्याची बाहेर कोठेही नक्कल नव्हती. एवढ्या मोठ्या साठ्याची नक्कल ठेवणे अवघड, असे कारण देण्यात आले. साठा मोठा म्हणून त्याची नक्कल नाही, हा युक्तिवाद, घर मोठे म्हणून त्याला कुलूप नाही, या जातीचा आहे. दुसऱ्या गावी, दुसऱ्या छपराखाली एक प्रत असणे, आणि ती किती शिळी आहे हे रोज पाहणे, याला पर्याय नाही.

हा सारा पहारा प्रत्यक्षात चालतो कसा? माणूस रात्रंदिवस कपाटापुढे बसू शकत नाही. १९८८ साली एसएनएमपी नावाची एक साधी भाषा ठरविण्यात आली. तिच्यात जाळ्यावरील कोणत्याही यंत्राला प्रकृती विचारता येते. एक पहारेकरी संगणक दर काही मिनिटांनी कोठाराला विचारतो: जागा किती, डिस्का सर्व ठीक आहेत काय, दोन्ही वाटा चालू आहेत काय, वाचण्या-लिहिण्यास किती सहस्रांश सेकंद लागतात? उलट बाजूने काही अघटित घडले, तर कोठारही आपण होऊन हाक देते. या दोन्ही रीती जवळ असाव्या लागतात. केवळ हाकेवर विसंबावे, तर मरणारे यंत्र हाक देईलच असे नाही. केवळ विचारण्यावर विसंबावे, तर दोन प्रश्नांच्या मधल्या अवधीत अनर्थ होऊन जाईल.

या पहाऱ्याचे खरे मोल दिसते ते अर्ध्या बिघाडात. प्रत्येक सर्व्हरला कोठाराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक तुटली तरी काम चालते, आणि काम चालते म्हणून कोणी चौकशी करीत नाही. काही महिन्यांनी दुसरी तुटते, तेव्हा हाहाकार उडतो. डिस्कांचेही तसेच आहे. एक निकामी झाली तरी रेडच्या गुंफणीमुळे मजकूर शाबूत राहतो. पण ती वेळीच बदलली नाही आणि दुसरी गेली, तर साध्या गुंफणीत सर्वस्व जाते. दुहेरी व्यवस्था माणसाला सुरक्षित करते आणि गाफीलही करते. पहिला बिघाड हा निरोप आहे असे मानून त्याच दिवशी जो हालचाल करतो, त्याच्या घरी दुसरा बिघाड सहसा संकट होऊन येत नाही.

यात एक दोष मात्र टाळावा लागतो. ऊठसूट वाजणारी घंटा ही न वाजणाऱ्या घंटेइतकीच निरुपयोगी असते. दिवसाकाठी दोनशे इशारे येऊ लागले, की माणूस ते न वाचताच बाजूला सारतो, आणि खरा इशारा त्याच ढिगात गाडला जातो. म्हणून ज्या इशाऱ्यावर कोणी काही करावयाचे नाही, तो मुळात काढून टाकावा. आणि जो ठेवला, त्याच्यापुढे ते काम करणाऱ्या माणसाचे नाव लिहिलेले असावे. पहारेकरी संगणकच बंद पडला, तर ते कोणाला कळेल, याचीही तरतूद असावी. सर्व शांत आहे, याचे दोन अर्थ संभवतात. एक, सर्व ठीक आहे. दुसरा, पाहणारा झोपला आहे.

हा विषय तंत्रज्ञांचा, असे म्हणून बाकीच्यांनी हात झटकण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील मराठी समाजाने पिढ्यान् पिढ्या शाळा, ग्रंथालये, पतपेढ्या आणि मंडळे चालविली आहेत. त्यांच्या कपाटांतील जुनी इतिवृत्ते आणि सभासदांच्या याद्या आता संगणकावर चढत आहेत, आणि कागदाच्या मूळ प्रती हळूहळू विरत आहेत. या संस्थांचे चालक वार्षिक सभेत रोख शिल्लक किती, हे विचारतात, आणि हिशेबतपासनीस ती मोजून पाहतो. त्याच सभेत आणखी काही प्रश्न विचारणे काही अवघड नाही. नोंदींची जागा किती दिवस पुरेल? शेवटची नक्कल कोणत्या तारखेची आहे? ती दुसऱ्या इमारतीत आहे काय? ती बिघडली तर कोणाला कळेल? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, त्या नकलेवरून एखादी नोंद खरोखर परत काढून कोणी, केव्हा पाहिली? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह मिळाले, तरच नक्कल आहे असे इतिवृत्तात लिहावे. ते मिळाले नाही, तर पुढच्या सभेची वाट न पाहता त्याच आठवड्यात एक फाईल परत काढून पाहावी. त्याला फार तर अर्धा तास लागेल.